ॲडमिरल गॉडफ्रे आणि साष्टीच्या किनाऱ्यावरील ‘जहाजें’

वर्सोवें, मढ, मार्वें हीं नांवें वाचतांच आमच्या वाचकांस वसईची मोहीम आठवेल. मढचा किल्ला इ. स. १७३९ त मराठ्यांच्या हातीं आला व १७७४ त साष्टीबरोबर इंग्रजांकडे गेला, हा वृत्तांत सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु याच किनाऱ्यावर दोन शतकांनंतर आरमाराचें आणखी एक प्रकरण घडलें. त्याचे कागद आतां ऐंशी वर्षांचे होत आले असून ते जीर्ण होण्यापूर्वीं त्यांची विचारपूस करणें आमचें कर्तव्य आहे. या प्रकरणाशीं ज्याचें नांव जोडलें गेलें, त्या जॉन हेन्री गॉडफ्रे या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

गॉडफ्रेचा जन्म १० जुलै १८८८ रोजीं बर्मिंगहॅमलगतच्या हँड्सवर्थ येथें झाला. इ. स. १९०३ त तो ‘ब्रिटानिया’ या शिक्षणनौकेवर उमेदवार म्हणून दाखल झाला. पहिल्या महायुद्धांत दार्दानेल्सच्या मोहिमेंत व पुढें भूमध्य समुद्रावर त्यानें काम केलें. युद्धोत्तर काळांत स्टाफ कॉलेजांतील अध्यापन व नौकांचें आधिपत्य अशा दोन्ही वाटा त्यानें चोखाळल्या. इ. स. १९३६ पासून तो ‘रिपल्स’ या मोठ्या युद्धनौकेचा कप्तान होता. १९३९ च्या आरंभीं त्याची नेमणूक आरमारी बातमीखात्याचा मुख्य म्हणून झाली, व त्याच वर्षीं दुसरें महायुद्ध पेटलें.

या पदावर असतांना त्यानें वकील, पत्रकार, अध्यापक, शेअरबाजारांतील दलाल अशीं आरमाराबाहेरचीं माणसें गोळा केलीं. त्याचा स्वीय साहाय्यक इयन फ्लेमिंग पुढें कादंबरीकार झाला. फ्लेमिंगच्या कथांतील हेरखात्याच्या मुख्याचें पात्र गॉडफ्रेवरून बेतलें, असें सामान्यतः मानतात. विलायतेंत गॉडफ्रेचें नांव आज मुख्यतः या एका कारणानें घेतलें जातें. आमच्या दृष्टीनें मात्र त्याच्या खात्याच्या दोन गोष्टी अधिक मोलाच्या आहेत.

पहिली संग्रहाची. शत्रूच्या ताब्यांतील किनाऱ्यांची बारीक माहिती हवी म्हणून इ. स. १९४२ त नभोवाणीवरून जनतेस विनंती करण्यांत आली कीं, परदेशच्या सहलींत घेतलेलीं छायाचित्रें व चित्रपत्रें घरांत असतील तीं पाठवावीं. घरोघरच्या पेट्यांतून निघालेल्या या सामग्रीचा उपयोग पुढें सैन्य उतरविण्याच्या बेतांत झाला.

दुसरी गोष्ट पारखेची. बातमीस प्रत लावण्याची एक पद्धति या खात्यानें प्रचारांत आणली. प्रत्येक बातमीवर एक अक्षर व एक अंक घालीत. बातमी देणारा कितपत विश्वासू, हें अक्षरानें कळे. खुद्द बातमी कितपत संभवनीय, हें अंकानें कळे. मर्म एवढेंच कीं, दोहोंची गल्लत होऊं नये. विश्वासू मनुष्य चुकीची बातमी आणूं शकतो व अनोळखी मनुष्य खरी आणूं शकतो. अस्सल पत्रांत खोटा मजकूर असतो आणि उत्तरकालीन बखरींत एखादी खरी गोष्ट टिकून राहते, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस या पद्धतीची थोरवी निराळी सांगावयास नको.

सहकारी खात्यांशीं मात्र गॉडफ्रेचें पटेना. सप्टेंबर १९४२ त त्यास व्हाइस ॲडमिरल ही बढती मिळाली, आणि त्याच सुमारास बातमीखातें सोडावें लागणार असें कळविण्यांत आलें. मार्च १९४३ त तो रॉयल इंडियन नेव्हीचा मुख्य म्हणून हिंदुस्थानांत आला. आमच्या जुन्या परिभाषेंत सांगावयाचें तर तो या आरमाराचा सरखेल झाला.

हें आरमार युद्धारंभीं दोन हजारांच्या आंत माणसांचें होतें; युद्धाच्या अखेरीस तें पंचवीस हजारांवर गेलें. एवढ्या नव्या भरतीस शिकवावयाचें तर जागा पाहिजे, आणि मुंबई बेटांत ती नव्हती. म्हणून इ. स. १९२० त ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या केलेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे दृष्टि वळली. पाणबुड्यांचा माग काढण्याचें शिक्षण वर्सोव्यास ‘मछलीमार’ येथें, किनाऱ्यावर सैन्य उतरविणाऱ्या नौकांचें ठाणें मार्व्यास ‘हमला’ येथें, बिनतारी संदेशांचें केंद्र माहुलास, अशी ही मांडणी होती. येथें कागद वाचणारांस एक सूचना करणें अवश्य आहे. इंग्रजी आरमाराच्या रिवाजाप्रमाणें जमिनीवरील ठाण्यांसहि जहाजांचींच नांवें व उपपदें देत. जुन्या दाखल्यावर ‘एच. एम. आय. एस. हमला’ असें दिसलें, तर तो मनुष्य समुद्रावरच होता असें समजूं नये. तो मालाडच्या पश्चिमेस वाळूवर कवाईत करीत असूं शकेल.

ज्यांस या ‘जहाजांवर’ घेतलें ते बहुतेक तरुण व पुष्कळसे शिकलेले होते. निकृष्ट अन्न, गोऱ्या खलाशांहून कमी वेतन, अधिकाऱ्यांची अपमानकारक वागणूक आणि युद्ध संपतांच समोर दिसणारी बेकारी, या त्यांच्या तक्रारी होत्या. १ डिसेंबर १९४५ रोजीं आरमारदिनाच्या प्रसंगीं कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशशाळेच्या भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या. फेब्रुवारींत पुन्हां तसेंच झालें व बी. सी. दत्त या खलाशास अटक झाली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं ‘तलवार’वरील खलाशांनीं अन्न व काम दोन्ही नाकारलें. लवकरच बंदरांतील जहाजें, आणि त्यांच्याबरोबर ‘हमला’, ‘मछलीमार’ व माहुल हीं उपनगरांतील ठाणींहि उठावांत सामील झालीं. एकंदर ७८ जहाजें, २० किनारी ठाणीं व २०,००० खलाशी असा आंकडा सामान्यतः दिला जातो.

२१ फेब्रुवारीस कॅसल बराकींवर गोळीबार झाला. त्याच दिवशीं गॉडफ्रेनें नभोवाणीवर भाषण केलें. सरकारचें सर्व प्रचंड बळ वापरण्यांत येईल, मग त्यांत हें आरमार नष्ट झालें तरी चालेल, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशीं मुंबईंत हरताळ पडला. त्या धामधुमींत दोनशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. परळ येथें गोळी लागून मरण पावलेल्या कमल दोंदे त्यांपैकींच एक. २३ फेब्रुवारीस, सरदार पटेल यांचा सल्ला मानून, खलाशांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. अटक झालेल्यांपैकीं पुष्कळांस मुलुंडच्या छावणींत ठेवण्यांत आलें. शेंकडों खलाशी सेवेंतून निघाले व स्वातंत्र्यानंतरहि त्यांस आरमारांत परत घेतलें गेलें नाहीं. त्याच वर्षीं मार्चमध्यें गॉडफ्रेच्या जागीं व्हाइस ॲडमिरल माइल्स आला. युद्धांतील कामगिरीबद्दल गॉडफ्रेस सरकारी सन्मान मिळाला नाहीं.

आतां या पुरुषाचा निवाडा कसा करावा? एका पक्षास तो कादंबरींतील चतुर नायक दिसतो, दुसऱ्या पक्षास नभोवाणीवरील एका वाक्याचा धनी. आमच्या मतें त्याचीच कसोटी त्याला लावणें न्याय्य होईल. सर फझल अली यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चौकशीमंडळानें या उठावाचें मूळ, दीर्घकाळ दाद न लागलेल्या सेवेंतील गाऱ्हाण्यांत आहे असें ठरविलें. राजकीय वातावरणानें तें अधिक भडकलें. म्हणजे बातमी गुप्त नव्हती. ती जेवणाच्या ताटांत होती, तक्रारअर्जांत होती आणि अखेर भिंतीवर होती. भिंतीवर लिहिणारा हात अनोळखी; अक्षराची प्रत पाहिली तर सर्वांत खालची. अंकाची प्रत मात्र पहिली ठरली. उलट, सर्व ठीक चाललें आहे असें गणवेषधारी व विश्वासू अधिकारी सांगत, तेव्हां त्यांचें अक्षर मोठें व अंक शून्य होता, असें आमचें अनुमान आहे. युरोपचा किनारा परक्यांच्या छायाचित्रांवरून ज्याच्या खात्यानें ओळखला, त्यास वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील आपलींच माणसें तीन वर्षांत ओळखतां आलीं नाहींत. यांत बुद्धीची उणीव नव्हती. परदेशच्या शत्रूसाठीं राखलेली पारख त्यानें आपल्या घरास लावली नाहीं, आणि पराधीन देशाच्या चाकरीची रचनाच अशी होती कीं, खालच्याचा शब्द वर पोहोंचूं नये. दोष त्याचा खराच. पण तो त्या रचनेपासून तोडून एकट्याच्या माथीं मारणें इतिहासास धरून होणार नाहीं.

निवृत्तीनंतर त्यानें आपल्या आरमारी आठवणी अनेक खंडांत लिहिल्या. त्या विक्रीस निघाल्या नाहींत. त्यांची एक प्रत केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजाच्या दफ्तरांत आहे. इ. स. १९८० त त्याच्याच खात्यांत काम केलेल्या पॅट्रिक बीझ्ली यानें त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. अर्थात् सरखेलाची बाजू कागदावर सुरक्षित आहे. खलाशांपैकीं दत्त यांच्यासारख्या थोड्यांनींच आपली हकीकत लिहून ठेविली.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे. अंधेरी, मालाड, चेंबूर, मुलुंड या बाजूस ज्यांचें येणेंजाणें आहे त्यांनीं जुन्या कुटुंबांतून चौकशी करावी. आरमारांतून सुटल्याचे दाखले, मार्वें-वर्सोवें येथील शिक्षणवर्गांचीं छायाचित्रें, मुलुंडच्या छावणींतून घरीं आलेलीं पत्रें, जें मिळेल त्याची नक्कल घ्यावी; मूळ कागद मालकाकडेच राहूं द्यावा. नकलेवर ठाण्याचें नांव, तारीख आणि कागद कोणाकडून कसा आला हें टिपावें. मजकूर खरा कीं खोटा याचा निर्णय मागाहून, निराळा करावा. या एका नियमाबद्दल तरी आम्हांस गॉडफ्रेचें ऋण मान्य करण्यास हरकत नसावी.