दोन शेजारणी, एक नाव

१८७६ साली कोनिग्सबर्ग विद्यापीठातले शरीररचनेचे प्राध्यापक कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यकृतात मज्जातंतू शोधत होते. मज्जातंतूंचे बारीक धागे दिसावेत म्हणून त्या काळी ऊतीचा काप गोल्ड क्लोराइडच्या, म्हणजे सोन्याच्या क्षाराच्या, पातळ द्रावणात ठेवत. सोनं जिथे धरलं जाई तिथे काळं पडे आणि त्या काळ्या रेघेच्या मागाने धागा सापडे. कुप्फरना रेघांऐवजी चांदण्या दिसल्या. मधे एक ठिपका, त्यातून चहूकडे निघालेले फाटे, आणि अशा काळ्या चांदण्या सगळ्या कापभर विखुरलेल्या. त्यांनी हे वाल्डायर नावाच्या सहव्यवसायी प्राध्यापकांना पत्राने कळवलं. पुढे १८८८ मध्ये 'क्रोमोसोम' हा शब्द घडवला तेच हे वाल्डायर. पत्र त्याच वर्षी छापून आलं आणि पेशींना नाव मिळालं 'श्टेर्नत्सेलेन', म्हणजे तारकापेशी.

आज सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असं छापून येतं आणि घरोघरी तो कागद फाइलमध्ये जाऊन पडतो. त्या कागदामागे जे घडत असतं त्याची कुळी शोधत गेलं की आपण या चांदण्यांपाशी पोचतो. त्यांच्या नावातच जवळजवळ पाऊणशे वर्षं एक घोळ होता, आणि तो नीट समजून घेतला तर आजारही बराचसा समजतो असं मला वाटतं.

पहिल्या पत्रात कुप्फरांचा अंदाज असा होता की या पेशी रक्तवाहिनीच्या बाहेरच्या अंगाला, जोडऊतीच्या गोतावळ्यातल्या असाव्यात. बावीस वर्षांनी, १८९८ मध्ये, ते पुन्हा या विषयाकडे वळले. यकृतातल्या काही पेशी रक्तातून आलेले परके कण गिळून टाकतात हे आता त्यांना दिसत होतं. याच आपल्या तारकापेशी, असं त्यांनी धरलं आणि आधीचं मत बदललं: या पेशी वाहिनीच्या भिंतीतल्याच आहेत. त्याच सुमारास पोलंडच्या क्राकूव शहरात तादेउश ब्रोविच यांनीही या गिळणाऱ्या पेशींचं वर्णन केलं होतं, पण नाव चिकटलं ते कुप्फरांचं. 'कुप्फर पेशी' पाठ्यपुस्तकात गेली. सोन्याने काळी झालेली पेशी मात्र ती नव्हतीच. कुप्फरांचा पहिला अंदाज बरोबर होता आणि दुसरा चुकला होता.

असं का झालं ते कळायला यकृताची वस्ती जवळून पाहायला हवी. मराठीत काळीज म्हणजे यकृतही. काळजात धस्स होतं ते हृदयाचं, पण मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो ती यकृताचीच. ती हातात घेतली तर एकसंध, गुळगुळीत, बिनरेषेची वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्यात पेशींच्या ओळी दिसतात आणि दोन ओळींच्या मधे रक्ताचे अरुंद पाट. पाटाची भिंत अखंड नाही, चाळणीसारखी भोकाभोकांची आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला, वाहत्या रक्तात, कुप्फर पेशी ठाण मांडून बसते. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं. त्यातून निसटलेले जिवाणू आणि त्यांचे तुकडे टिपून गिळणं हे तिचं काम. भिंतीच्या बाहेर, भिंत आणि यकृतपेशी यांच्या बोळात, दुसरी पेशी हातपाय पसरून बसलेली असते. तिच्या पोटात तेलाचे थेंब असतात आणि शरीरातल्या व्हिटॅमिन एचा बहुतांश साठा त्या थेंबांत असतो. दोघींमध्ये एवढ्या चाळणीच्या भिंतीचंच अंतर. पाव मिलिमीटरचाही हिशेब तिथे मोठा, तेव्हा एकीला दुसरी समजलं गेलं यात नवल नाही.

बोळातल्या पेशीचा पत्ता जपानमध्ये लागला. विसाव्या शतकाच्या मध्याला तोशिओ इतो यांनी तिच्यातले मेदाचे थेंब पाहून तिचं वर्णन केलं, म्हणून काही काळ ती 'इतो पेशी' झाली. मग केन्जिरो वाके यांनी कुप्फरांची सोन्याची जुनी कृती पुन्हा करून पाहिली. हे काम किचकट होतं, कारण ती पद्धत बेभरवशाची म्हणून प्रसिद्ध होती. वाके यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की सोनं व्हिटॅमिन ए साठवणाऱ्या पेशींवर बसतं, गिळणाऱ्या पेशींवर नाही. व्हिटॅमिन ए अतिनील प्रकाशात स्वतःहून चमकतं आणि बघता बघता विझतं. त्या क्षणभराच्या उजेडात आणि सोन्याच्या काळ्या डागांत तीच पेशी दिसत होती. कुप्फरांच्या खऱ्या चांदण्या या. १८९८ ते १९७१, त्र्याहत्तर वर्षं दोन शेजारणी एकाच नावावर नांदल्या. आता गिळणारी ती कुप्फर पेशी आणि साठवणारी ती तारकापेशी, असं ठरलेलं आहे.

या दोघी शेजारणी आहेत हे कळलं, पण त्या एकमेकींशी काय बोलतात हे कळायला एक आजार लागला.

१९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे काप तपासून एक लेख लिहिला. काप पाहून कोणीही म्हणालं असतं की हा दारूचा आजार. पण हे रुग्ण दारू पिणारे नव्हते. त्यातले बरेच स्थूल होते. आजाराला नावच नव्हतं, म्हणून लुडविगनी तो जो नाही त्यावरून नाव ठेवलं: नॉन-अल्कोहोलिक स्टिॲटोहेपटायटिस, म्हणजे दारूशिवायचा मेदाळ यकृतदाह, संक्षेपाने नॅश. २०२३ मध्ये हे नाव बदलून चयापचयावर बेतलेलं नवं नाव आलं, मॅश. बदल चांगलाच झाला. 'दारूशिवायचा' या शब्दातही दारूचा संशय रेंगाळत राहतो, आणि ज्या बाईने आयुष्यात थेंब चाखला नाही तिला तो लागतो.

अशा यकृताचा काप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा 'काळजाला घरं पडणं' हा वाक्प्रचार डोळ्यांपुढे उभा राहिला. गुलाबी पेशींच्या मधोमध गोल, पांढरी, रिकामी घरं. त्या जागी मेद होता. काप तयार करताना अल्कोहोल आणि इतर द्रावकांत तो विरघळून जातो आणि उरते त्याची जागा. नुसती घरं असली तर यकृत बरीच वर्षं निमूट राहू शकतं. खरी काळजी सूज सुरू झाली की लागते, आणि सूज आपोआप येत नाही, कोणीतरी वर्दी द्यावी लागते.

पहिली वर्दी यकृतपेशीच देते. संतृप्त मेदाम्लं, उदाहरणार्थ पामिटिक आम्ल, तिच्यात मावेनाशी झाली की तिच्या आत ताण वाढतो आणि जेएनके नावाचं प्रथिन जागं होतं. पेशी फुगते आणि मरायला टेकते. तिचे फुटके अंश बाहेर पडून बोळातून आणि चाळणीतून कुप्फर पेशीपर्यंत पोचतात. दुसरी वर्दी आतड्यातून येते. मेदाळलेल्या यकृताच्या बऱ्याच रुग्णांत आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि जिवाणूंच्या कवचाचे तुकडे जास्त प्रमाणात यकृतात येतात. ते ओळखणारं प्रथिन कुप्फर पेशीच्या अंगावर असतं, टोल-लाइक रिसेप्टर ४. यातला 'टोल' हा जर्मन शब्द, अर्थ 'भन्नाट'. क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत फळमाशीचा एक विचित्र गर्भ पाहून तो उद्गार निघाला, असं सांगतात. माशीतल्या या टोलचं सस्तन प्राण्यांतलं भावंड जिवाणूंच्या कवचाला ओळखतं, हे ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने उंदरांवरच्या कामातून १९९८ मध्ये दाखवलं, आणि त्या वाटेवरच्या कामाला २०११ चं नोबेल मिळालं.

टोल रिसेप्टर चाळवला की पेशीच्या आत एक बेडी तुटते. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एरवी दुसऱ्या प्रथिनाने जखडून पेशीच्या पोटात ठेवलेलं असतं. वर्दी आली की ते जखडणारं प्रथिन मोडून टाकलं जातं, मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि सूज आणणारी जनुकं उघडतं. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते बी पेशींत, प्रतिपिंडाच्या कप्पा साखळीच्या जनुकापाशी सापडलं, म्हणून हे नाव. पुढे ते जवळजवळ प्रत्येक पेशीत निघालं. नाव सापडलेल्या जागेवरून पडलं आणि काम दुसरीकडेच मोठं निघालं.

त्या उघडलेल्या जनुकांतून टीएनएफ बाहेर पडतं. कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा पदार्थ म्हणून ते १९७५ मध्ये सापडलं होतं. १९९३ मध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी स्थूल उंदरांच्या चरबीत ते सापडतं आणि इन्सुलिनचं काम बिघडवतं हे दाखवलं. चरबी म्हणजे मुकं कोठार नव्हे, हे तिथून पक्कं झालं. टीएनएफच्या जोडीने सीसीएल-२ हा रेणू रक्तातल्या मोनोसाइट पेशींना हाक घालतो. त्या येतात, यकृतातच राहतात, आणि दमलेल्या, मेलेल्या मूळ कुप्फर पेशींच्या जागा घेतात. नव्या आलेल्या जास्त तापट असतात. हाक देणाऱ्या वाढल्या की हाकाही वाढतात.

आणि एक निरोप चाळणीपलीकडे जातो. कुप्फर पेशींकडून आणि या नव्या पेशींकडून टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन निघतं आणि बोळातल्या तारकापेशीला लागतं. ती बदलते. पोटातले व्हिटॅमिन एचे थेंब गमावते, लांबट होते, आणि कोलॅजनचे दोर वळू लागते. यकृतात व्रणाचे पट्टे पडतात ते या दोरांचे. उंदराच्या यकृतातून या पेशी वेगळ्या काढून, कोलॅजन यांच्याकडूनच येतं असं सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्कॉट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. यातली एक गोष्ट मला फार हलवून जाते. कुप्फरांचं सोनं व्हिटॅमिन एवर बसतं. म्हणजे आजारी यकृताचा काप त्या द्रावणात ठेवला तर जिथे नुकसान सर्वांत जास्त, तिथल्याच चांदण्या दिसायच्या नाहीत.

एवढी साखळी कळल्यावर एखादा दुवा तोडू, असं वाटणं साहजिक होतं. जेएनकेच्या वरच्या अंगाला काम करणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारं सेलोन्सर्टिब २०१९ मध्ये मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरलं. सीसीएल-२ ची हाक बंद करणारं सेनिक्रिव्हिरॉकही पुढे टिकलं नाही. एक निरोप अडवला तरी शेजारपाजारचे बाकीचे निरोप चालूच राहतात. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं रेस्मेटिरॉम यकृतपेशीतला मेदच कमी करतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये याच आजारासाठी मंजूर झालेलं सेमाग्लुटाइड वजन आणि भूक कमी करतं. दोन्ही औषधं भांडणाच्या मुळाशी जातात. औषधाविनाही तेच खरं ठरतं: वजन सात ते दहा टक्के उतरलं तर बऱ्याच जणांच्या यकृतातली सूज उतरते, दहाच्या वर उतरलं तर व्रणही विरळ होऊ लागतात.

पण वजनकाटा आपल्याकडे फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी उभं छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या हातात 'फॅटी लिव्हर'चा कागद का येतो, याचं एवढं सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

निरोप थांबले तर तारकापेशीचं काय होतं, हे २०१२ मध्ये उंदरांवर तपासलं गेलं. इजा थांबवल्यावर दोर वळणाऱ्या पेशींपैकी जवळपास निम्म्या मरून गेल्या. उरलेल्या निम्म्या पुन्हा शांत झाल्या, पण पूर्वीसारख्या पुरत्या नाही. पुढची इजा झाली तेव्हा या पेशी, कधीच न उठलेल्या शेजारणींपेक्षा लवकर उठल्या.