सनद आणि डिग्री

मदरशाची सनद म्हणजे मुळात उस्तादाने शागिर्दाला दिलेली इजाजत. याने माझ्याकडे अमुक किताब वाचली, ती शिकवायला तो लायक आहे, एवढाच तिचा अर्थ. मोल उस्तादाच्या नावाला, इमारतीला नव्हे. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने दर्से-निजामी रूढ झाला. तो शिकलेला माणूस काजी-मुफ्ती होई, कारण राज्यकारभाराला तेच शिक्षण लागे. कंपनीच्या काळात हेस्टिंग्जने 1780 साली कलकत्त्यात मदरसा काढला, तोही याच गरजेपोटी.

1864 मध्ये इंग्रजांनी न्यायालयांतली काजी-मुफ्तींची पदे रद्द केली. सनद तीच राहिली, नोकरी गेली. दोनच वर्षांनी देवबंदचा मदरसा सुरू झाला. मौलाना कासिम नानोतवी यांनी घालून दिलेल्या आठ उसूलांत सरकारी मदतीपासून दूर राहून लोकांच्या चंद्यावर चालण्याचा आग्रह आहे. काहींना हा हट्ट वाटतो. मला तो साधा हिशेब वाटतो: नोकरी गेलीच आहे, निदान अभ्यासक्रम तरी आपल्या हाती राहावा.

पण बोर्डाची मान्यता घेतलेले तरी कुठे सुटले? 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा 2004 चा मदरसा कायदा वैध ठरवला, मात्र कामिल आणि फाजिल वगळून. युजीसी कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा, बोर्डाचा नाही. उलट नदव्यासारख्या स्वतंत्र मदरशाच्या सनदेवर अलीगढ विद्यापीठ बीएला प्रवेश देते. अशी मान्यता त्या-त्या विद्यापीठाच्या यादीपुरतीच असते. मुलाला मदरशात घालताना ही यादी किती पालक बघतात?