मुंबईच्या करदात्यांचें गाऱ्हाणें व १८७२ चा नगरसभेचा कायदा

रस्ते, गटारें, दिवे व पाणी यांविषयीं सरकारकडे अर्ज करण्याची चाल मुंबईच्या रहिवाशांत बरीच जुनी आहे. परंतु अर्ज करणाऱ्यांपैकीं कांहींना कारभारांत बसण्याचा हक्क कायद्यानें मिळाला तो १८७२ सालीं. ती हकीकत कै. दिनशा वाच्छा यांनीं १९१३ च्या ग्रंथांत व रुस्तुम मसानी यांनीं १९२९ च्या ग्रंथांत विस्तारानें सांगितली आहे. ती सर्व येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. गाऱ्हाणें कोणाचें होतें, व हक्क कोणास मिळाला, एवढ्याच प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

१८५८ पासून शहराचा कारभार तीन पगारी कमिशनरांकडे होता. १८६५ च्या कायद्यानें ती व्यवस्था मोडून ‘जस्टिस ऑफ दि पीस’ या सरकारनियुक्त गृहस्थांची एक संस्था करण्यांत आली, व अंमलबजावणीची सर्व सत्ता एकाच म्युनिसिपल कमिशनराच्या हातीं दिली गेली. हे पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास आलेल्या तेजीनें शहरांत माणसांची रीघ लागली होती. १८६४ च्या खानेसुमारींत ८,१६,५६२ लोक मोजले गेले. विहारचें पाणी १८६० सालीं आलें होतें खरें, पण तें एवढ्या वस्तीस पुरणारें नव्हतें, आणि सांडपाणी वाहून नेण्याची तर कांहींच धड सोय नव्हती. क्रॉफर्ड यांनीं झपाट्यानें काम आरंभिलें. रस्ते रुंद केले, गटारें साफ केलीं, आणि आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नांवानें ओळखली जाणारी मोठी मंडई उभारली. शहराचें आरोग्य त्यांच्या कारकीर्दींत सुधारलें, हें त्यांच्या विरोधकांनाही नाकारतां आलें नाहीं.

मग तक्रार कशाची? तिचें मूळ घाणींत नसून घरपट्टींत होतें. १८६५ सालीं कापसाची तेजी ओसरली, शेअरबाजार कोसळला, आणि भरभराटीच्या दिवसांत घरें बांधून बसलेल्या मालकांचीं भाडीं उतरलीं. वस्तीही ओसरली, १८७२ च्या गणतींत ती ६,४४,४०५ भरली. उत्पन्न घटलें असतां घरपट्टी, दिवाबत्ती, पोलीस, पाणी, मैला वाहून नेण्याचा ‘हलालखोर’ कर आणि गाड्यांवरील कर हे सर्व मात्र कायम राहिले. आणि कमिशनरांचा खर्च मंजुरीची मर्यादा ओलांडून चालला होता. १८८८ सालीं क्रॉफर्ड लांचलुचपतीच्या चौकशींत सांपडले, त्या प्रकरणाचा काळा रंग मागें नेऊन या वादास देण्याची कित्येकांस संवय आहे. ती टाकली पाहिजे. १८७१ सालचा आक्षेप मंजुरीबाहेरील खर्चाचा व बेबंद सत्तेचा होता.

हा आक्षेप जस्टिसांच्या सभेंत जेम्स फोर्ब्स यांनीं मांडला. नवरोजी फर्दुनजी व रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हेही याच पक्षाचे. सभागृहाबाहेर करदात्यांच्या सभा भरूं लागल्या. लोकांचा राग एका माणसावर होता, आणि तो माणूस गेला म्हणजे सर्व ठीक होईल अशी सामान्य समजूत होती.

या समजुतीस फिरोजशहा मेहता यांनीं १८७१ सालींच छेद दिला. वयाची सव्विशी उलटलेल्या या बॅरिस्टरानें फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें निबंध वाचला. त्यांत क्रॉफर्ड यांच्या कामाची त्यांनीं स्तुति केली, आणि दोष माणसाचा नसून घटनेचा आहे, जस्टिस कोणासही जबाबदार नाहींत म्हणून त्यांचा कमिशनरावर दाब नाहीं, असें सांगितलें. उपाय असा कीं, सभा करदात्यांनीं निवडावी, अंमल एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावा, व हिशेबावर स्वतंत्र तपासनीस असावा. श्रोत्यांत घरमालकांचा भरणा होता. त्यांना हें रुचलें नाहीं व सभेंत बराच गोंगाट झाला. पुढें कायद्यानें जी वाट धरली ती मात्र पुष्कळ अंशीं या निबंधांतलीच होती.

१८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें ६४ सभासदांची नगरसभा निर्माण झाली. निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनीं निवडावयाचे. १६ जस्टिसांनीं व १६ सरकारनें. खर्चावर देखरेख करण्यास १२ जणांची टाऊन कौन्सिल. पहिली निवडणूक १८७३ सालीं झाली. हिंदुस्थानांतील नगरकारभाराच्या इतिहासांत ही गोष्ट मोठी आहे, यांत शंका नाहीं.

परंतु मत कोणास? वर्षास ५० रुपये कर भरणारास. १८८८ च्या कायद्यानें सभासदांची संख्या ७२ झाली व ही अट ३० रुपयांवर आली, तरी मूळ तत्त्व तेंच. चाळींतील खोलीचा भाडेकरू घरपट्टी स्वतः भरीत नसे. मालक ती भाड्यांत वसूल करी. म्हणजे कराचा भार भाडेकरूवर, आणि मत मालकाचें. गटाराशेजारीं राहणाराची ही गत. मग ज्यांच्या कामाच्या नांवानें ‘हलालखोर’ कर वसूल होई, त्या मैला वाहणाऱ्या कामगारांचें नांव मतदारांच्या यादींत शोधणें व्यर्थ आहे. नळ नाहीं, शौचकूप तुंबला, चाळींत उजेड नाहीं, हीं गाऱ्हाणीं त्या काळीं नव्हतीं असें नव्हे. तीं सांगणाराजवळ रुपये ५० ची पावती नव्हती.

नव्या सभेनें पाण्याच्या बाबतींत काम केलें. तुळशीचा तलाव १८७९ सालीं व तानसाचें पाणी १८९२ सालीं आलें, आणि त्याचा लाभ गरिबांनाही झाला. पण पाणी वाढलें त्या मानानें तें बाहेर काढून देणारीं गटारें वाढलीं नाहींत, आणि चाळींच्या दाटीस हात लावणें हें घरमालकांच्या मतांवर निवडून येणाऱ्या सभासदांस जड जाणारें काम होतें. १८९६ सालीं प्लेग मांडवींत उघडकीस आला. दाट वस्ती मोकळी करण्यासाठीं सरकारनें १८९८ सालीं ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही निराळीच संस्था स्थापिली, व तींत नगरसभेनें निवडलेल्या विश्वस्तांचें बहुमत ठेवलें नाहीं.

भाडेकरूस भाड्याच्या आधारानें मत मिळालें तें १९२२ च्या दुरुस्तीनें. पैशाची अट उठून प्रौढ मताधिकारानें नगरसभेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ सालीं, म्हणजे फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील त्या सभेनंतर ७७ वर्षांनीं.