धातुज्वलन : वस्तुमानगणनाचा इतिहास

धातू ऑक्सिजनात जळताना तिचे ऑक्साइड बनते व त्याचे वजन मूळ धातूपेक्षा अधिक भरते. ही वाढ आधीच गणिताने सांगता येणे, हा रसायनशास्त्राच्या विकासातील एक महत्त्वाचा टप्पा होय.

भारतीय रसशास्त्रात धातूंची भस्मे करण्याची परंपरा जुनी आहे. पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन केला. जस्तापासून केलेले यशद भस्म मुख्यत्वे झिंक ऑक्साइड असते. रसग्रंथांतील प्रमुख भस्मपरीक्षा मात्र गुणात्मक आहेत : भस्म पाण्यावर तरंगावे (वारितर), बोटांच्या रेषांत भरावे (रेखापूर्ण) व पुन्हा धातुरूपात येऊ नये (अपुनर्भव).

यूरोपात झां रे यांनी १६३० मध्ये कथिलाच्या वजनवाढीचे कारण हवा हे असल्याचे सांगितले होते. तथापि अठराव्या शतकात, जळताना धातूतून फ्लॉजिस्टॉन बाहेर पडते, असे मत रूढ झाले. काही बाहेर पडूनही वजन वाढते कसे, याचे समाधानकारक उत्तर त्यात नव्हते. लाव्ह्वाझ्ये यांनी १७७४ मध्ये बंद पात्रात कथिल तापविले. पात्राचे एकूण वजन बदलले नाही. ते उघडल्यावर आत शिरलेल्या हवेचे वजन व धातूच्या वजनातील वाढ जवळजवळ सारखी भरली. पुढे प्रूस्त यांचा स्थिर प्रमाणाचा नियम व डाल्टन यांचा अणुसिद्धांत (१८०८) यांमुळे गणनास पक्का आधार मिळाला.

जस्ताचे २ अणू ऑक्सिजनाच्या १ रेणूशी संयोग पावतात. जस्ताचा अणुभार ६५·३८ व ऑक्सिजनाचा १६ असल्याने १३०·७६ ग्रॅ. जस्तास ३२ ग्रॅ. ऑक्सिजन लागतो. म्हणून १०० ग्रॅ. जस्तापासून सु. १२४·५ ग्रॅ. ऑक्साइड मिळेल. वजन १२० ग्रॅ.च भरल्यास २० ग्रॅ. ऑक्सिजन सु. ८१·७ ग्रॅ. जस्ताशीच संयोग पावला व सु. १८·३ ग्रॅ. धातू तशीच राहिली, असे अनुमान निघते. भस्मनिर्मितीत वनस्पतींची राख मिसळल्यास किंवा ऑक्साइड धुरावाटे उडून गेल्यास हे अनुमान चुकते. त्यामुळे केवळ वजनावरून भस्माची शुद्धता ठरविता येत नाही. त्यासाठी रासायनिक विश्लेषणाची जोड आवश्यक असते.