अंटार्क्टिकाची वाट पाडणारं लाल जहाज

हल्ली परदेश सहलींच्या जाहिरातींत दुबई-युरोपच्या शेजारी अंटार्क्टिकाही दिसायला लागलंय. जायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. पण ही वाट कोणी पाडली आणि तिथले नियम कशातून आले, ते माहीत असलेलं बरं. त्या इतिहासाचा बराचसा भाग एका छोट्याशा लाल जहाजाभोवती फिरतो.

१९५० च्या दशकात चिली आणि अर्जेंटिनाच्या जहाजांतून तुरळक हौशी मंडळी तिकडे जाऊन आली होती. पण पर्यटन असं खऱ्या अर्थाने सुरू केलं ते लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. जन्म स्वीडनचा, धंदा अमेरिकेत. १९६६ साली त्यांनी अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्याने घेतलं आणि पैसे भरून आलेल्या प्रवाशांना थेट अंटार्क्टिकावर उतरवलं. मग १९६९ मध्ये फिनलंडमध्ये स्वतःचं जहाज बांधून घेतलं, 'लिंडब्लाड एक्सप्लोरर'. बर्फाचा मार सोसेल असा सांगाडा, जेमतेम शंभर प्रवासी, आणि पांढऱ्या बर्फात लांबून उठून दिसेल असा लाल रंग.

पद्धतही त्यांनीच बसवली. जहाज लांब उभं करायचं, झोडियाक म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटींतून थोडेथोडे लोक किनाऱ्यावर न्यायचे, सोबत पक्षितज्ज्ञ आणि भूगर्भशास्त्रज्ञ, आणि जहाजावर परत आल्यावर व्याख्यान. आज तिकडे जाणारी बहुतेक जहाजं हेच करतात. लिंडब्लाड यांचं म्हणणं असं, की माणसाने ती जागा डोळ्यांनी पाहिली तरच तो ती वाचवायला उभा राहील. हे तत्त्वज्ञान धंद्याच्या सोयीचं होतं, हे उघडच आहे. पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

मात्र समुद्राला तत्त्वज्ञान कळत नाही. १९७२ मध्येच हे जहाज अंटार्क्टिकाजवळ खडकावर चढलं आणि चिलीच्या नौदलाने प्रवाशांची सुटका केली. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं विमान प्रवाशांना वरूनच बर्फ दाखवायला गेलं होतं, ते माउंट एरेबसवर आदळलं. २५७ जण गेले, एकही वाचला नाही. मग जानेवारी १९८९. 'बाहिया पारैसो' हे अर्जेंटिनाचं रसद नेणारं जहाज, वर काही पर्यटकही घेतलेले. अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकाला लागलं. माणसं सगळी वाचली, पण सुमारे ६ लाख लिटर डिझेल पाण्यात गेलं. तेही पेंग्विन आणि समुद्रपक्ष्यांच्या वस्तीशेजारी.

दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, माद्रिदला पर्यावरण करार झाला आणि त्याच साली सात कंपन्यांनी मिळून 'आयाटो' ही आपली संघटना काढली. पेंग्विनपासून किमान ५ मीटर लांब राहा, बूट धुऊन उतरा, एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं नकोत, ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणीच उतरायचं नाही, अशी शिस्त या संघटनेने लावली. गंमत बघा, नियम पाळणारेही तेच आणि लक्ष ठेवणारेही बरेचसे तेच! ज्या खंडाला सरकार नाही, तिथे पोलीस कुठून आणणार?

आता परत लाल जहाजाकडे. मधल्या काळात मालक बदलले, नाव नुसतं 'एक्सप्लोरर' झालं. १९८४ मध्ये उत्तरेकडची नॉर्थवेस्ट पॅसेजची वाटही त्याने प्रवाशांसह पार केली. आणि २३ नोव्हेंबर २००७ च्या मध्यरात्री, किंग जॉर्ज बेटाजवळ, ते बर्फावर आदळलं. नंतरच्या चौकशीत निघालं ते असं: समोरचा बर्फ जुना आणि दगडासारखा टणक होता, कप्तानाला तो कोवळा वाटला, आणि वेग जास्त होता. प्रवासी आणि खलाशी मिळून १५४ जण बोटींत उतरले आणि कडाक्याच्या थंडीत काही तास तरंगत राहिले. 'नॉर्डनॉर्गे' हे नॉर्वेचं प्रवासी जहाज जवळपास होतं, समुद्र त्या वेळी शांत होता, म्हणून सगळे वाचले. मदतीला धावलेल्यांत 'एंडेव्हर' नावाचं दुसरं जहाज होतं. ते होतं लिंडब्लाड यांच्या मुलाच्या कंपनीचं. वडील १९९४ मध्येच वारले होते. त्याच दिवशी, पोटात पावणेदोन लाख लिटरहून जास्त इंधन घेऊन, 'एक्सप्लोरर' तळाला गेलं.

ते जहाज निदान हलक्या डिझेलवर चालत होतं. मोठी जहाजं जे जड, डांबरासारखं तेल जाळायची, ते सांडलं असतं तर काय, ही धास्ती तेव्हा सगळ्यांनाच बसली. ऑगस्ट २०११ पासून त्या पाण्यात जड तेल वापरायला काय, नुसतं वाहून न्यायलाही बंदी आली. ध्रुवीय जहाजांची सक्तीची नियमावली, पोलर कोड, यायला २०१७ उजाडलं.

आता आकडे बघा. १९९२-९३ च्या हंगामात ६,७०० च्या आसपास पर्यटक गेले होते. २०२३-२४ मध्ये १ लाख २० हजारांहून जास्त. त्याच हंगामात बर्ड फ्लूही अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला. तो पक्ष्यांनी नेला, पर्यटकांनी नव्हे. पण बूट धुण्याच्या नियमाला आता वेगळंच वजन आलंय.

एका हंगामात एकूण किती माणसं जावीत, यावर मात्र कसलीच मर्यादा नाही. यात आपलाही शब्द आहे. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, १९८३ पासून करारातल्या निर्णय घेणाऱ्या देशांत आपण आहोत, आणि आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र इथेच वास्कोला आहे. मे २०२४ मध्ये या सगळ्या देशांची बैठक कोचीला भरली. विषयपत्रिकेवर पर्यटन होतं, चर्चाही झाली. पण तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांची संमती लागते. असे देश २९ आहेत.