मुळशी ते मणिबेली : मदतीची झडती
मुळशीचे धरण टाटांच्या कंपनीचे. १९२१च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि वीज मुंबईला गेली. जाब विचारायचा तो कंपनीला आणि सरकारला.

सरदार सरोवरासाठी पैसा परदेशातूनही आला. १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले. (याला ‘मदत’ म्हणायची पद्धत आहे, होते ते फेडायचे कर्ज.) महाराष्ट्रात बुडिताच्या तोंडाशी मणिबेली होते. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली. मोर्स काही बँकेचे वैरी नव्हेत. ते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. समिती खोऱ्यातल्या गावांत फिरली आणि जून १९९२ मध्ये तिने बँकेला मागे सरायला सांगितले. एरवी मूल्यमापन म्हणजे भिंत किती चढली, खर्च किती झाला. इथे प्रश्न त्याच्या आधीचा होता : कर्ज देताना माणसांची आणि पर्यावरणाची पुरेशी पाहणी झाली होती का? उत्तर नकारार्थी आले.

मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी कायमचे तपासणी मंडळ स्थापले. धरणाचे काम मात्र देशातल्या पैशावर पुढे चालू राहिले.