लोकसभा आणि सीमाभाग : विखुरलेल्या मतांची सात दशके

लोकसभेची पुढील सार्वत्रिक निवडणूक नियत क्रमाने २०२९ मध्ये येईल. उमेदवार द्यावा की न द्यावा, दिल्यास एक की अनेक, राष्ट्रीय पक्षांपैकी कोणाला जवळ करावे, ही चर्चा सीमाभागात नेहमीप्रमाणे अर्ज भरण्याच्या आठवड्यात पेट घेईल. ती आताच व्हावी आणि गेल्या सात दशकांचा हिशेब समोर ठेवून व्हावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम कायद्याची बाजू. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ ने संसदेला दिला आहे. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही. संबंधित विधिमंडळांचे मत मागवले जाते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा याच अधिकारातून झाला आणि चंदगड तालुका वगळता संपूर्ण बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो वेगळा मार्ग. राजकीय मार्ग मात्र संसदेच्याच दारातून जातो.

येथेच सीमाभागाच्या निवडणूक-इतिहासातील मूळ विसंगती आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीने विधानसभेच्या जागा अनेकदा जिंकल्या. अगदी २०१३ मध्येही बेळगाव दक्षिण आणि खानापूर येथून तिचे आमदार निवडून आले. पण विधानसभेला सीमा बदलण्याचा अधिकार नाही. ज्या सभागृहाला तो आहे, तेथे बेळगावमधून समितीचा एकही खासदार आजवर गेला नाही. जेथे आमचा आवाज पोहोचला तेथे निर्णय नव्हता आणि जेथे निर्णय होता तेथे आवाज पोहोचला नाही. १९५७ मध्ये, चळवळ ऐन भरात असताना, बेळगावमधून काँग्रेसचे बळवंतराव दातार पुन्हा निवडून आले. राज्य पुनर्रचनेचा विषय ज्या गृह खात्याकडे होता, त्याच खात्याचे ते केंद्रात मंत्री होते.

याचे कारण केवळ आमच्यातील फाटाफूट नव्हे. ते मतदारसंघांच्या नकाशातही आहे. आजच्या रचनेत बेळगाव शहर आणि ग्रामीण हे विधानसभा मतदारसंघ गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग यांच्याबरोबर बेळगाव लोकसभा मतदारसंघात येतात. निपाणी चिक्कोडीत आहे. बेळगावच्या दाराशी असलेले खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात असून त्याचा खासदार भटकळ-कुमठ्याच्या किनाऱ्यापर्यंतच्या मतदारांना उत्तरदायी असतो. सलग मराठी पट्टा असा तीन लोकसभा मतदारसंघांत वाटला गेला आहे. विधानसभेच्या लहान मतदारसंघात निर्णायक ठरणारे मत लोकसभेच्या विस्तारात विरून जाते.

जिंकणे अशक्य दिसले तेव्हा मताचा उपयोग निषेधासाठी झाला. १९९६ मध्ये बेळगाव लोकसभेसाठी ४५६ उमेदवार रिंगणात उतरले. त्याच वर्षी नळगोंड्यात पाण्याच्या प्रश्नावर ४८०, तर तामिळनाडूतील मोडक्कुरिची विधानसभेसाठी १,०३३ उमेदवार उभे होते. देशाचे लक्ष वेधले गेले, परंतु निवडणूक पार पडली, जनता दलाचा उमेदवार विजयी झाला आणि प्रश्न होता तेथेच राहिला. संसदेचे उत्तर मात्र त्वरित आले. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० झाली आणि मान्यताप्राप्त पक्षाचे पाठबळ नसलेल्या उमेदवारास दहा सूचक आवश्यक ठरले. २००९ च्या दुरुस्तीने अनामत २५,००० वर नेली. गाऱ्हाणे ऐकण्याऐवजी ते मांडण्याची किंमत वाढवण्यात आली. २०१९ मध्ये तोच प्रयोग लहान प्रमाणावर पुन्हा झाला आणि फळही तेच मिळाले.

याउलट एप्रिल २०२१ ची पोटनिवडणूक पाहावी. समितीने एकच उमेदवार दिला आणि त्याला एक लाख सतरा हजारांवर मते पडली. भारतीय जनता पक्ष आणि काँग्रेस यांच्या उमेदवारांतील अंतर मात्र सुमारे पाच हजारांचे होते. पराभव झाला, तरी त्या दिवशी दोन्ही राष्ट्रीय पक्षांना मराठी मताचे वजन आकड्यात दिसले. ४५६ नावांनी जे साधले नाही, ते एका नावाने साधले. दुर्दैवाने २०२४ पर्यंत ती मते पुन्हा पांगली.

राष्ट्रीय पक्षांविषयीही भ्रम नसावा. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही भूमी न देण्याचा ठराव केला आणि काही दिवसांतच महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसाठी उलट ठराव केला. दोन्ही ठराव एकमताने झाले. भारतीय जनता पक्ष दोन्हीकडे सत्तेत होता, काँग्रेस दोन्हीकडे विरोधात. तरी एकाच पक्षाने सीमेच्या दोन बाजूंना दोन भूमिका घेतल्या. म्हणून पक्षाच्या प्रदेश शाखेचे आश्वासन आम्ही प्रमाण मानू नये. प्रश्न संसदेचा आहे, तेव्हा उत्तरही पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वाकडून, लेखी आणि मतदानापूर्वी मागावे.

काय मागावे? सीमाप्रश्नावरील भूमिका तर हवीच, पण खासदाराला उद्यापासून करता येईल असेही पुष्कळ आहे. अनुच्छेद ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. त्यांवर चर्चा मागणे खासदाराच्या हाती आहे. मतदारयादी आणि मतपत्रिका कोणत्या भाषांत असाव्यात, हे नियमांनुसार निवडणूक आयोग ठरवतो. तेथे मराठीचे स्थान जपले जावे, असे वचन घेता येते.

दुसरे काम निवडणुकीपूर्वीचे आहे. घटनेने घातलेल्या मर्यादेनुसार लोकसभेच्या जागांचे वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेले आहे. त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना येईल. २००२ च्या परिसीमन कायद्यात भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय हे निकष आहेत, पण भाषेचा उल्लेख नाही. तरीही खानापूर बेळगावशी जोडावे, ही मागणी या चारही निकषांवर टिकते. प्रस्ताव प्रसिद्ध झाल्यावर हरकती घेण्याची आणि जाहीर सुनावणीत बाजू मांडण्याची संधी त्या कायद्यात आहे. आयोगाचा अंतिम आदेश प्रसिद्ध झाला की त्याला कायद्याचे बळ येते आणि त्यानंतर बाजू मांडायला जागा फारच थोडी उरते. म्हणून गावनिहाय नकाशे, अंतरे आणि ग्रामपंचायतींचे ठराव आजपासून सिद्ध ठेवावेत. मुदत संपल्यावर आलेल्या हरकतीत कितीही सत्य असले, तरी ती दप्तरी दाखल होण्यापलीकडे जात नाही.